गाडीचं दार मढवायचं, तर आधी आतला पुठ्ठा बघा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सांगोल्याच्या पुढे, माण नदीच्या काठावरच्या एका गावात डाळिंबाची बाग पाहायला गेलो होतो. मृग बहार धरायचा म्हणून बाग ताणावर सोडलेली होती. पाहणी झाल्यावर अण्णा म्हणाले, फाट्यापर्यंत गाडीतनं सोडतो. गाडी म्हणजे त्यांची जुनी मारुती आठशे. मी पुढे बसलो, दार ओढून घेतलं आणि दाराच्या आतलं रेग्झीन हातभर फाटून माझ्या हातातच आलं. त्यामागून पिवळी भुकटी मांडीवर सांडली. झटकावी तेवढी ती आणखी पसरायची.

अण्णा ओशाळले वगैरे काही नाहीत. उलट मलाच म्हणाले, "भाऊसाहेब, डाळिंबाला काय फवारायचं ते तुमी सांगता. आता ह्या दाराला काय फवारायचं ते बी सांगा की."

आम्ही हसलो. पण मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. पदर नाकाला लावून त्यांनी काच खाली घ्यायला लावली. काकूंना दम्याचा जुना त्रास. दर महिन्याला सोलापूरला दाखवायला न्यावं लागतं आणि न्यायला हीच गाडी. ऊन चढलं की गाडीत कोंदट, औषधासारखा वास येतो आणि मग खोकल्याची उबळ लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णांच्या मते तो वास सगळ्या जुन्या गाड्यांना येतो.

गाडी विकून टाका म्हणणं सोपं आहे. मारुती आठशे बनवणं कंपनीनं जानेवारी २०१४ मध्येच थांबवलं. अण्णांची गाडी २००९ ची. पंधरा वर्षं भरल्यावर २०२४ मध्ये त्यांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, म्हणजे पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालणार. इंजिन चांगलं, टायर नवे. विकायला काढली तर हातात काय येणार, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आहे तीच गाडी बसण्याजोगी करायची, असं ठरलं. पंढरपूरच्या एका कुशनवाल्यानं चार दारं आणि छत मिळून सात हजार सांगितले होते. बागेच्या ताणाच्या दिवसांत, बहाराला पाणी सुटायच्या आधी, सात हजार काढणं किती जड जातं ते डाळिंबवाल्यांना सांगायला नको.

सूनबाईंचा हट्ट

सूनबाईंनी एका लग्नात नवी गाडी पाहिली होती. तिच्या दारांना आतून मखमलीसारखं कापड लावलेलं होतं. "भाऊजी, रेग्झीन नको. उन्हात दंडाला चटका बसतो. तसलं मऊ कापडच लावायचं," असं त्यांनी मला ऐकवलं. त्या कापडाला बाजारात 'स्वेड' म्हणतात. मी आधी विरोधच केला. शेतावर जाणारी गाडी, चिखलाचे पाय, खताची पोती, त्यात मखमल कशाला? रेग्झीन पुसलं की स्वच्छ. पण सूनबाईंचंही चूक नव्हतं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडी उन्हात उभी असली की आतली हवा साठ अंशांच्या आसपास जाते. तापलेलं काळं रेग्झीन उघड्या दंडाला लागलं की माणूस दचकतोच. कापड तितकं भाजत नाही.

शेवटी तडजोड झाली. दाराचा खालचा निम्मा भाग, जिथं पाय लागतो आणि चिखल उडतो, तिथं रेग्झीन. वरचा निम्मा भाग, जिथं दंड टेकतो, तिथं स्वेड. मधल्या जोडावर हात टेकायचा ठोकळा येतो, त्यामुळं जोड बराचसा झाकलाही जातो. शेतकऱ्याच्या गाडीला माझी आता हीच शिफारस आहे. सगळं दार स्वेडनं मढवण्याच्या भानगडीत पडू नये.

स्वेड म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण दुकानात याच नावाखाली वाटेल ते खपवतात. मूळचं स्वेड हे चामडंच. कातड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून तिला लव आणायची. हे हातमोजे स्वीडनकडून येतात म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'स्वीडनचे हातमोजे' म्हणत आणि फ्रेंचमधलं स्वीडनचं नावच कातड्याला चिकटलं. कृत्रिम स्वेड मात्र जपानचं. टोरे या कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी ते १९७० मध्ये तयार केलं. पुढं १९७२ पासून इटलीत तेच तंत्र 'अल्कांतारा' नावानं सुरू झालं आणि महागड्या मोटारींत जाऊन बसलं.

त्यात विणकाम नाही, उभा-आडवा धागा नाही. आपल्याकडच्या घोंगडीसारखं ते मागावर निघत नाही, त्याची जात बुरणुसाची. बुरणूस जसा लोकर एकमेकांत गुंतवून दाबून केलेला असतो, तसे इथं पॉलिएस्टरचे अत्यंत बारीक तंतू सुयांनी टोचून टोचून एकमेकांत अडकवतात, त्यात पॉलियुरेथेन मुरवतात आणि वरून घासून लव काढतात. तंतू किती बारीक? नऊ हजार मीटर सुताचं वजन एक ग्रॅम भरलं तर ते सूत एक डेनियरचं. हे तंतू त्याहून कितीतरी बारीक. म्हणून हाताला ते वासराच्या कानासारखं लागतं.

असलं अस्सल कापड काही हजार रुपये मीटर पडतं. आपल्या कामाचं ते नव्हे. बाजारात कुशनवाल्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात तीनशे-चारशे रुपये मीटरनं जे मिळतं, ते बहुतेक विणलेलं पॉलिएस्टर असतं, वरून घासून लव काढलेलं. काम भागतं, पण पारखून घ्यावं. पांढरा रुमाल ओला करून कापडावर वीस-पंचवीस वेळा जोरात घासावा. रुमालाला रंग लागला तर तो पुढं शर्टालाही लागणार. मग कापड दोन्ही हातांत धरून उभं ओढावं, आडवं ओढावं. दोन्हीकडं थोडं थोडं ताणलं गेलं पाहिजे, नाहीतर कोपऱ्यावर चुण्या हमखास पडणार. मागे दोन-तीन मिलिमीटरचा फोम आधीच चिकटवलेलं मिळालं तर उत्तम. नवशिक्याला ते सोपं जातं, खालचा खडबडीतपणा वर दिसत नाही. रंग मातीच्या जवळचा घ्यावा. सूनबाईंना बदामी हवा होता, आम्ही गडद करडा आणला आणि ते बरंच झालं.

पॅडच्या मागे काय निघालं

कापड आणलं म्हणून लगेच जुन्यावर नवं चिकटवू नये. माझ्या पाहण्यात चार-पाच जणांनी हेच केलं. आठ-दहा महिन्यांत जुनं-नवं दोन्ही मिळून लोंबायला लागलं.

आठशेचं दार खोलणं अवघड नाही. काच वर-खाली करायची मूठ आधी काढायची. ती स्क्रूवर नसते, मागे तारेची एक बारीक क्लिप असते. अनेकजण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि मूठ मोडतात. साधी युक्ती अशी की जुन्या धोतराची चिंधी मुठीच्या आणि पॅडच्या मधल्या फटीत घालावी आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोकं धरून आलटून पालटून ओढावी. चिंधी क्लिपला अडकून क्लिप टण्‌कन बाहेर उडते. उडते म्हणजे खरोखर उडते, म्हणून खाली चादर अंथरावी. आमची पहिली क्लिप कोंबड्यांच्या खुराड्यात गेली आणि अर्धा तास तिथं मोडला. मग हात टेकायच्या ठोकळ्याचे स्क्रू, दार उघडायच्या कडीभोवतीची प्लॅस्टिकची चौकट आणि शेवटी कडेनं बसवलेले प्लॅस्टिकचे खिट्टे. खिट्ट्याच्या अगदी जवळ चपटी पट्टी घालून उचलावं. लांबून ओढलं की पुठ्ठा फाटतो आणि खिट्टा दारातच राहतो. खिट्टे सुट्या भागांच्या दुकानात स्वस्त मिळतात, दहा-पंधरा जास्तीचे आधीच आणून ठेवावेत.

डाव्या बाजूचं मागचं पॅड काढलं आणि वासाचं मूळ सापडलं.

पॅडचा पाया म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा पुठ्ठा. त्याच्या मागे, दाराच्या पत्र्यावर, कंपनीनं एक पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून दारात शिरलेलं पाणी आत पुठ्ठ्यापर्यंत येऊ नये, खालच्या भोकांतून निघून जावं, एवढ्यासाठी तो असतो. कधीतरी दाराची कडी दुरुस्त करताना मेकॅनिकनं तो फाडला होता. त्यात अण्णांची गाडी धुवायची पद्धत म्हणजे मोटार चालू करून पाइपचं पाणी काचेवर सोडायचं. पुठ्ठा खालून फुगून पापुद्रे सुटले होते, बुरशीचे काळे ठिपके पडले होते. आणि त्याच पुठ्ठ्यावर हाताएवढा तेलकट डाग होता.

अण्णांनी डागाचा वास घेतला आणि गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी कीटकनाशकाची बाटली मागच्या सीटवरून दाराशी कलंडून सांडली होती. वरचं रेग्झीन त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं होतं. पण शिवणीतून झिरपलेलं औषध फोमानं आणि पुठ्ठ्यानं पिऊन घेतलं होतं. गाडी तापली की तो वास बाहेर यायचा. दोन वर्षं काकू त्याच दाराशेजारी बसून दवाखान्यात जात होत्या.

त्या दिवशी अण्णा फारसं बोलले नाहीत.

इथं खात्यातला माणूस म्हणून दोन शब्द बोलतो. कीटकनाशकं खाण्याच्या वस्तूंच्या किंवा जनावरांच्या खाद्याच्या संपर्कात येतील अशा रीतीनं वाहू नयेत, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे. माणसाबरोबर बंद गाडीत नेऊ नये, हे सांगायला तर नियमही लागू नये. दुचाकीच्या किंवा जीपच्या मागे, झाकणाच्या बादलीत, बाटली उभी ठेवून आणावं. डब्यावरचा त्रिकोण लाल असो की हिरवा, सांडल्यावर कापड, फोम आणि पुठ्ठा तो शोषणारच. आणि एकदा असा पुठ्ठा भिजला की तो धुऊन, उन्हात टाकून साफ होत नाही. त्यावर नवं कापड मढवणं म्हणजे वास झाकून ठेवणं. तो पुठ्ठा आम्ही हातमोजे घालून पॉलिथिनमध्ये बांधला आणि वस्तीपासून, विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरला. चुलीत घालायचा नाही, हे मुद्दाम सांगावं लागलं, कारण घरातलं एक पोरगं तो मोडून सरपणाकडं निघालंच होतं. दाराच्या आतला पत्रा साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतला आणि दिवसभर दार उघडं ठेवून वाळवला.

नवा पुठ्ठा म्हणजे तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड, सुताराकडं किंवा प्लायवूडच्या दुकानात मिळतो. उजव्या बाजूचं चांगलं पॅड उलटं ठेवून त्यावरून खूण केली, करवतीनं कापला, खिट्ट्यांची भोकं ड्रिलनं पाडली. पुठ्ठ्याच्या कडा आणि मागची बाजू यांना ऑइल पेंटचा एक हात दिला. कंपनीनं दिलेला नसतो, पण आपण द्यावा. पाण्याला तेवढाच अडसर. फाटलेल्या प्लॅस्टिकच्या जागी पॉलिहाऊसचा उरलेला दोनशे मायक्रॉनचा कागद कापून, कडेनं दुहेरी चिकटपट्टी लावून बसवला. मल्चिंगचा पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद इथं उपयोगाचा नाही, फाटतो. शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा जाड पडतो, पॅड नीट बसत नाही. कागदाचं खालचं टोक दाराच्या आत वळतं ठेवावं, म्हणजे पाणी दारातच उतरेल.

बाकीच्या तीन पॅडांचे पुठ्ठे शाबूत होते. त्यांच्यावरचा फक्त फोम मेलेला होता. ती पिवळी भुकटी म्हणजे हाच फोम. उष्णता, दमट हवा आणि वय यांनी तो कुजल्यासारखा सुटतो, हात लावला की पीठ. तो खरवडताना आधी पाण्याचा बारीक फवारा मारावा, नाहीतर धुरळा नाकातोंडात जातो. तोंडाला फडकं बांधावं. हे काम धान्य वाळत घातलेल्या अंगणात करू नये. खरवडून झालं की पॉलिश पेपरनं पुठ्ठा घासून ओल्या फडक्यानं पुसावा आणि दोन दिवस वाळू द्यावा. या कामाला एक अख्खा दिवस गेला. कापड लावायला अर्धा दिवस लागला.

लव आणि गोंद

कापड लावण्यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे, ती आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या ओम्नीची दारं अशीच घरी मढवली. कापड वाचावं म्हणून तुकडे उलटसुलट आखले. लावून झाल्यावर पाहतो तर एक दार काळं आणि दुसरं राखाडी. कापड तेच, ठाणही तेच. बैलाला खरारा करताना केसांच्या दिशेनं हात फिरवला तर कातडी चकाकते आणि उलटा फिरवला तर मळकी दिसते. स्वेडचं तसंच आहे. लवेला दिशा असते. ठाणावर हात फिरवून कोणत्या बाजूला लव बसते ते पाहावं, कापडाच्या मागे टेलरच्या खडूनं बाणाच्या खुणा कराव्यात आणि चारही दारांना बाण खालच्या दिशेनं ठेवावा. धूळही मग झटकली की खाली उतरते. थोडं कापड वाया जातं, जाऊ द्यावं.

दुसरी चूक गोंदाची. एका दुकानदारानं चप्पलवाल्यांचं सुटं सोल्युशन दिलं, मीही स्वस्त म्हणून घेतलं. मार्चपर्यंत झकास होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरीच्या आवारात गाडी उन्हात उभी होती. दुपारी येऊन पाहतो तर दारांना जागोजाग फुगे आलेले, जशी तव्यावरची भाकरी. शिवाय मी सोल्युशन सढळ हातानं लावलेलं, ते कापडातून वर येऊन टिकल्या टिकल्या उमटल्या. त्या कधीच गेल्या नाहीत. ती गाडी अजून माझ्याकडं आहे आणि अण्णांना मी ती मुद्दाम दाखवली.

तेव्हा गोंद सिंथेटिक रबराचा, दोन्ही बाजूंना लावून वाळवून मग जोडायचा असतो तो घ्यावा आणि डब्यावर किती अंश उष्णता सोसतो ते वाचून घ्यावा. उष्णतेसाठीचा वेगळा मिळतो, थोडा महाग असतो. सुताराचा पांढरा गोंद इथं चालत नाही. पुठ्ठ्यावर जरा भरून आणि कापडाच्या मागे अगदी पातळ, पत्र्याच्या किंवा जुन्या एक्स-रेच्या पट्टीनं पसरावा. फोम मागे असेल तर तो गोंद पितो, तिथं दहा मिनिटांनी दुसरा पातळ हात द्यावा. मग थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट लागावं पण तार सुटू नये, इतकं वाळलं की जोडायचं. उन्हाळ्यात दहा मिनिटंही पुरतात, पावसाळी हवेत अर्धा तास लागतो. आमच्याकडं घाई करणारे फार. ओला गोंद जोडला की त्यातला थिनर आत कोंडतो आणि पुढं उन्हात तोच फुगा होऊन वर येतो.

हा गोंद पेट घेणारा आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. म्हणून काम ओसरीवर किंवा झाडाखाली करावं, चूल, देवापुढचा दिवा आणि विडी यांपासून लांब. बंद खोलीत, दार लावून तर मुळीच नको. डोकं जड होतं, गरगरतं. घरात दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तर तिला त्या दिवशी दुसरीकडं पाठवावं. काकूंना आम्ही दोन दिवस लेकीकडं पाठवलं होतं.

कापड पॅडपेक्षा चारही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर जास्त कापावं. आधी खालचं रेग्झीन लावून घ्यावं. स्वेडची खालची कड आत दुमडून, गोंदानं दाबून घ्यावी आणि रेग्झीनच्या वरच्या कडेवर बोटभर चढवावी, म्हणजे वरून उतरणारं पाणी फटीत शिरत नाही. कापड लावताना दोघंजण हवेत. एकानं वरचा भाग उचलून धरावा, दुसऱ्यानं मधून सुरुवात करून हाताच्या तळव्यानं कडेकडं दाबत जावं. एकदा टेकलं की सरकत नाही, उचललं तर लव ओढली जाते. ओढून ताणूनही लावू नये. ताणलेलं कापड उन्हात मागे येतं. नुसतं सपाट बसेल एवढंच.

कडा पॅडच्या मागे वळवून चिकटवाव्यात. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर जादा कापड गोळा होतं, तिथं मागच्या बाजूनं पाचरीच्या आकाराचे छोटे तुकडे कापून काढावेत. आतल्या वळणावर कापड कमी पडतं, तिथं सरळ कात्र्या द्याव्यात. पण कात्री पॅडच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर आधीच थांबवावी, नाहीतर काप पुढून दिसतो. पिना मारायचा मोह टाळावा. पुठ्ठा तीन मिलिमीटरचा, पीन आरपार येते आणि दंडाला लागते. मुठीचं भोक शेवटी कापावं, तेही फुलीसारखं आणि लहान. मोठं कापलं तर ते झाकायला काही नसतं. मुठीची क्लिप आधी मुठीतच बसवावी आणि मग मूठ दांड्यावर ठेवून तळव्यानं ठोकली की टक्‌ करून बसते.

हे सगळं जुन्या, साध्या गाडीचं झालं. नव्या गाडीच्या दारात काचेची, लॉकची वायर असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, पॅड ओढताना वायरचे जोड बघून काढावेत. आणि एअरबॅग असेल तिथं हात लावू नये. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, आता तर शेजारच्यापुढेही असते आणि काही गाड्यांत बाजूच्या खांबात आणि सीटमध्येही. त्यावर जाड कापड चिकटवलं तर ऐन वेळी ती नीट उघडायची नाही. डॅशबोर्डही मढवू नये. छताचं काम तर घरी करूच नये, असं माझं मत आहे. डोक्यावर हात धरून, मान मोडून ते करावं लागतं आणि एक सुरकुती राहिली तरी रोज दिसते. अण्णांनी छत कुशनवाल्यालाच दिलं.

खर्च आणि निगा

कापड तीन मीटर, रेग्झीन दीड मीटर, गोंदाचा एक लिटरचा डबा, हार्डबोर्डचा तुकडा, खिट्टे, पॉलिश पेपर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं. मजुरी घरची, तिघांचे तीन दिवस. छताचे कुशनवाल्यानं वेगळे अडीच हजार घेतले.

दारं बसवल्यावर गाडी आठ दिवस शेडमध्ये काचा उतरवून ठेवली, गोंदाचा वास जाईपर्यंत. अण्णांना तिसऱ्याच दिवशी लग्नाला जायचं होतं, ते एसटीनं गेले.

निगेचं फार नाही. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशनं लवेच्या दिशेनं झाडावं. डाग पडला तर ओल्या स्वच्छ फडक्यानं कडेकडून मध्याकडं टिपावं, चोळू नये. चहा-तंबाखूचा डाग असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब. रॉकेल, डिझेल, थिनर लावू नये, खालचा गोंद सुटतो. पाइपचं पाणी काचेच्या फटीवर सोडणं बंद, हे अण्णांकडून कबूल करून घेतलं आहे. पाळतात का ते पावसाळ्यानंतर पॅड काढल्याशिवाय कळणार नाही.

परवा छाटणी पाहायला गेलो तेव्हा काकू दारातच भेटल्या. दम्याचा त्रास आहे तो आहेच, औषध सुरू आहे. गाडीत बसलं की उबळ यायची ती आता तितकी येत नाही, म्हणाल्या. अण्णा औषधाच्या बाटल्या आता दुचाकीच्या मागे झाकणाच्या बादलीत आणतात. स्वेडचा हातभर तुकडा उरला होता. सूनबाईंनी त्याची नाडी घालून छोटी पिशवी शिवली आहे, काकूंचा दम्याचा पंप ठेवायला. ती मागच्या डाव्या दाराच्या मुठीला अडकवलेली असते.